बर्फाच्या घाटात मोटरहोम न्यायची? साखळी आधी सोलापुरातच बसवून बघा

सोलापूरच्या माणसाला उन्हातली गाडी शिकवावी लागत नाही. मे महिन्यात टायरला किती हवा ठेवायची, तापलेला रेडिएटर कधी उघडायचा नाही, दुपारी कुठल्या लिंबाच्या सावलीला थांबायचं, हे अंगवळणी पडलेलं असतं. बर्फाचं तसं नाही. तुळजापूर, बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर असं करत राष्ट्रीय महामार्ग ५२ आपल्याला थेट पंजाबातल्या संगरूरला पोचवतो आणि तिथून पुढे मनालीचा रस्ता लागतो. चार-पाच दिवसांत आपण ज्वारीच्या रानातून बर्फात जाऊन उभे राहतो, आणि मधे बर्फ शिकवणारं कुणीच भेटत नाही. पहिला धडा मिळतो तो मनालीजवळच्या सोलंगच्या अलीकडे. अंधार पडत असतो, बर्फ भुरभुरत असतो आणि पोलीस सांगतो, चेन लावा नाहीतर मागे फिरा. चेन म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरवर गुंडाळायची साखळी.

त्या वेळी पहिल्यांदा पिशवी उघडणाऱ्याचे हाल होतात. बोटं बधिर, साखळीचा गुंता, मागे गाड्यांचे हॉर्न. म्हणून पुढे जे सांगतोय त्यातला मोठा भाग घरून निघण्याआधीचा आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. यूट्यूबवर साखळी बसवण्याचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक छोट्या मोटारींचे असतात. मोटरहोम म्हणजे झोपायची-रांधायची सोय आत बांधलेली गाडी, साडेतीन-चार टनांचं धूड. मागे बहुधा जोड टायर (एकेका बाजूला शेजारी शेजारी दोन), आणि वर बॉडी बांधणाऱ्याने लावलेले पत्रे-फायबरचे झालर. ते व्हिडिओ बघून शिकलेलं निम्मं इथे लागू पडत नाही.

पहिली पायरी : कुठली चाकं ओढतात ते बघा

साखळी इंजिनची ताकद जिथे जाते त्या चाकांना लागते. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम असेल तर मागची चाकं ओढतात. टाटा विंगरवर बांधलेली असेल तर पुढची. पिकअपवर बांधलेला फोर बाय फोर कॅम्पर असेल तर चारही, पण साखळ्यांची जोडी एकच असेल तर ती कुठे लावायची हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. गाडी भाड्याची असेल तर मालकाला विचारा. त्याच फोनवर हेही विचारून घ्या की बर्फात न्यायला करारात मनाई आहे का आणि विमा चालतो का.

मागच्या चाकांना साखळी लावली की गाडी चढते, पण पुढची चाकं उघडीच असतात. उताराच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाऊ शकते. विंगरसारख्या गाडीत उलटं होतं. पुढचं पकडतं आणि उतारावर मागची बाजू फिरते. चारही कोपऱ्यांना साखळ्या असणं सगळ्यात सुरक्षित. तेवढा खर्च करायचा नसेल तर निदान आपली गाडी कुठल्या बाजूने घसरणार हे तरी ठाऊक असू द्या.

दुसरी पायरी : गाडीखाली झोपून मोजमाप

हे काम मेकॅनिकवर सोपवू नका, स्वतः करा. पाण्याची टाकी भरलेली, सामान चढवलेलं, म्हणजे गाडी प्रवासात जितकी बसेल तितकी बसलेली असताना करा. ओढणाऱ्या चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवा. ब्रेकची नळी, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर, शॉकअब, मडगार्डचं अस्तर, यांपैकी टायरच्या सगळ्यात जवळ काय आहे? मोटरहोममध्ये यात भर पडते ती बॉडीवाल्याची. सांडपाण्याचा पाइप किंवा इन्व्हर्टरची वायर चाकाच्या घरातून नेऊन प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली असते. सुटी झालेली साखळी अशी पट्टी पहिल्या फटक्यात तोडते. पाइप, वायरी दुसरीकडून फिरवून घ्या. आपल्याकडे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीपासून हैदराबाद रोडपर्यंत हे करून देणारे कारागीर कमी नाहीत.

मग जोड टायरांमधली फट बघा, आणि ती खालच्या बाजूला बघा. वजनाने टायर जमिनीलगत फुगतात आणि वर मोकळी दिसणारी फट खाली जवळजवळ मिटलेली असते. बाहेरच्या टायरच्या साखळीची आतली बाजू याच फटीत राहणार आहे. तिला जागा नसेल तर ती दोन्ही टायरांच्या भिंती कुरतडेल.

शेवटचं माप टायरवरच छापलेलं असतं. समजा २१५/७५ आर १५ असं लिहिलंय. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. साखळीच्या खोक्यावर हाच आकडा जसाच्या तसा हवा. “याच्या जवळपासचं आहे, बसतंय की” असं दुकानदार म्हणाला तर उठून या.

तिसरी पायरी : कोणती साखळी

बाजारात चार-पाच प्रकार दिसतात. मोटरहोमसाठी त्यातले दोनच विचारात घ्यायचे.

एक शिडीसारखी. दोन बाजूंना दोन लांब साखळ्या आणि मधे आडव्या तुकड्यांच्या पायऱ्या. मजबूत, दुरुस्तीला सोपी, वजनदार गाड्यांना चालणारी. दोष एवढाच की दोन पायऱ्यांच्या मधे उघडा टायर जमिनीला लागतो, त्यामुळे धक्के बसतात आणि आडवं घसरणं तितकं थांबत नाही. दुसरी चौकटीच्या नक्षीची, शंकरपाळ्यासारखे चौकोन असलेली. तिचा कुठला ना कुठला भाग सतत रस्त्याला टेकलेला असतो, म्हणून वळणावर पकड चांगली. मोटारींसाठी या साखळ्यांची कडी ९ किंवा १२ मिलिमीटर जागा खाणारी असते, व्हॅन आणि जड गाड्यांसाठी १६ मिलिमीटरची मिळते. ऑस्ट्रियाच्या मानकाचा शिक्का असेल तर ३.५ टनांपर्यंतच्या गाड्यांना व्ही ५११७ आणि त्यावरच्यांना व्ही ५११९ असा क्रमांक दिसेल. आपल्या गाडीचं भरलेलं वजन आरसी बुकात बघून त्याप्रमाणे घ्या.

प्लास्टिकचे पट्टे ऑनलाइन स्वस्तात मिळतात, रिममधून ओवून आवळायचे. चार टनांच्या गाडीखाली ते टिकायचे नाहीत. कापडी मोजे ताज्या, पातळ बर्फावर बरे काम करतात, डांबर लागलं की झिजतात. घ्यायचेच असतील तर पुढच्या, न ओढणाऱ्या चाकांसाठी जवळ ठेवा.

जोड टायर असतील तर प्रश्न येतो, दोन्हींना लावायची की बाहेरच्या एकालाच? दोन्ही टायर एकदम झाकणारी तीन ओळींची साखळी मिळते. ती जास्त पकडते, पण बसवायला दोन माणसं आणि भरपूर घाम लागतो. पर्यटकाने बाहेरच्या टायरला चांगली एकेरी साखळी लावावी असं माझं मत आहे. जिथे तीन ओळींची साखळी लागेल इतका बर्फ आहे, तिथे पर्यटकाने मोटरहोम नेऊच नये.

“तिथे भाड्याने मिळतात की” असं पुष्कळजण सांगतील. मनालीत आणि काश्मिरात टांगमर्गला मिळतात हे खरं. टांगमर्ग ते गुलमर्ग हा साधारण १३ किलोमीटरचा चढ आहे आणि बर्फ पडला की साखळीशिवाय गाडी वर सोडत नाहीत, त्यामुळे तिथे हा धंदाच आहे. पण आपल्या मापाची, जोड टायराला बसेल अशी तिथे मिळेलच हे धरून चालू नका. एमएच १३ची पाटी आणि थंडीने गारठलेला चेहरा बघून भाडं किती सांगतील, तेही त्यांच्या हातात.

चौथी पायरी : घरच्या अंगणात तालीम

साखळी विकत घेतली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शेतात गाडी उभी करून ती बसवा. एकदा नाही. आधी दिवसा मोकळ्या हातांनी, मग जाड हातमोजे घालून, मग रात्री डोक्याला टॉर्च बांधून. शेजारी विचारतील, सोलापुरात बर्फ पडणार आहे का म्हणून. विचारू द्यात. साखळीचं बाहेरचं टोक कुठलं, आतलं कुठलं, कुठल्या कडीत आकडा अडकवल्यावर नेमकी घट्ट बसते, हे इथेच कळतं. नेमक्या त्या कडीला लाल रंगाचा ठिपका द्या. अंधारात हा ठिपका फार उपयोगी पडतो.

साखळी लावून डांबरी रस्त्यावर गाडी चालवून बघायचा मोह आवरा. कोरड्या डांबरावर साखळी, टायर आणि रस्ता तिन्ही खराब होतात. शेतातल्या मऊ मातीत दहा-वीस फूट पुढे-मागे केली की पुरे.

याच तालमीत एक युक्ती शिकून घ्या, जोड टायरवाल्यांच्या फार कामाची. वखारीतून दोन इंच जाडीची, आतल्या टायरहून किंचित अरुंद अशी लाकडी फळी कापून आणा. आतल्या टायरपुढे ती ठेवून गाडी हळूच त्यावर चढवा. आतला टायर फळीवर, बाहेरचा अधांतरी. आता बाहेरच्या टायराला साखळी एका दमात गुंडाळता येते, गाडी पुढे-मागे करावी लागत नाही आणि जॅकही लागत नाही. बॉडीची झालर चाकावर खूप खाली आलेली असेल तर हात आत जायला जागा उरते का, हेही तेव्हाच कळेल. नसेल तर ती झालर बोल्टवर उघडणारी करून घ्या.

निघताना बरोबर काय

साखळ्यांची जोडी आणि ताणाचे जादा रबर, जोडकड्या, पक्कड, बांधणीची तार, रबराचे तळवे असलेले हातमोजे (खाली लोकरीचे), डोक्याचा टॉर्च, खोरं, ओढायचा दोर, चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे, ती फळी, आणि छोट्या पोत्यात वाळू. बर्फावर गुडघे टेकायला अंथरायचं म्हणून काही जण चादर घेऊन जातात. चादर भिजते. जुना फ्लेक्स घ्या, पाणी धरत नाही. वाढदिवसाच्या फलकांची आपल्या गावात वानवा नाही. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. घाटात रात्र काढायची वेळ आली तर ही शिदोरी ना नासते, ना गॅस मागते.

हवेचं गणित समजून घ्या. सोलापुरात डिसेंबरच्या दुपारी ३० अंशांत ६० पौंड हवा भरली आणि गाडी उणे ५ अंशांत गेली, तर नुसत्या थंडीने आठ-नऊ पौंड कमी होतात. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने गेज त्यातले दोन-एक पौंड परत दाखवतं, तरी घट राहतेच. मनालीत पोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्याआधी हवा बघून भरा. साखळी सैल पडण्याचं हेही एक कारण असतं. आणि साखळी बसावी म्हणून टायरातली हवा काढू नका.

डिझेलचा धोका आपल्या लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे तो नाहीच. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचमुळे. टाकीत सोलापूरचं डिझेल घेऊन वर जाऊ नका. खालचं संपवत न्या आणि डोंगरातल्या पंपावर टाकी भरा. घरगुती गॅसमध्ये ब्युटेन असतो, तो शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचं सोडतो, म्हणून सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. पाण्याच्या टाक्या आणि नळ्या रात्री रिकाम्या करा, नाहीतर गोठून फुटतील. आणि बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस हीटर पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बर्फात, प्रत्यक्ष

साखळी लावायची ती चढ सुरू होण्याआधी, सपाट आणि रुंद जागेत. चाकं फिरायला लागल्यावर, अर्ध्या चढात, वळणावर लावणं म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आमंत्रण. हॅझर्ड लाइट लावा, त्रिकोण मागे ठेवा, ठोकळे लावा, पोरांना आत बसवा. गाडी हलवताना इशारा करणारा माणूस एकच असू द्या. दाजी म्हणताहेत “येऊ द्या” आणि मेव्हणा म्हणतोय “थांबा थांबा”, असं झालं की बोटं चेमटतात.

१. साखळी फ्लेक्सवर पसरा, पीळ काढा. आडव्या तुकड्यांच्या आकड्यांची उघडी तोंडं टायरपासून बाहेरच्या दिशेला हवीत, नाहीतर ती रबरात घुसतात.

२. टायरवरून दोन्ही बाजूंनी सारखी सोडा. लॉक असलेली बाजू बाहेर. फळी असेल तर गाडी आधीच फळीवर चढवून ठेवा. नसेल तर साखळीचं एक टोक टायरखाली सरकवून गाडी फूट-दीड फूट पुढे घ्या, म्हणजे दोन्ही टोकं हाताशी येतील.

३. आतला आकडा पहिला. हात आत घालून, न बघता, बोटांनी चाचपून. तालमीचा सगळा फायदा याच क्षणी. आत जितकं घट्ट करता येईल तितकं करा, कारण नंतर तिथे हात पोचत नाही.

४. मग बाहेरचा आकडा, लाल ठिपक्याच्या कडीत. अर्धचंद्री लॉक असतील तर किल्लीने एक सोडून एक फिरवा, साखळी सगळीकडून सारखी ताणली जाते. वर ताणाचा रबर.

५. उरलेलं शेपूट लोंबत ठेवू नका. तारेने बांधा.

६. दुसऱ्या बाजूचं चाक तसंच. एकाच बाजूला साखळी लावून पुढे जायचं नाही.

७. शंभर मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. ही पायरी लोक हमखास गाळतात. पहिल्या शंभर मीटरमध्ये साखळी टायरवर नीट बसते आणि सैल पडते. न आवळता पुढे गेलात की तीच सैल साखळी मडगार्डला झोडपायला लागते.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालू नका. बर्फावर जॅक सरकतो.

चालवताना

ताशी ५० किलोमीटर ही साखळ्यांची सर्वसाधारण वरची मर्यादा. मोटरहोमला ३० पुरे. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अलगद सोडत गाडी उचला, म्हणजे चाकं जागेवर फिरत नाहीत. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू लागलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) असेल आणि गाडी हलायलाच तयार नसेल तर ते तेवढ्यापुरतं बंद करावं लागतं. चढावर मधे थांबू नका. पुढची गाडी वळण पार करेपर्यंत खालीच थांबा आणि मग एका लयीत वर जा.

खरी परीक्षा उताराची. गाडीचं वजन चढावर मदत करतं, उतारावर तेच ढकलतं. उतरताना लहान गिअर, इंजिनचा ब्रेक, वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. ब्रेक दाबल्यावर एबीएस खडखडलं तर घाबरून पाय काढू नका. पुढच्या गाडीशी अंतर एरवीपेक्षा कितीतरी जास्त ठेवा.

पांढरा बर्फ दिसतो तरी. जास्त भीती काळ्या काचेसारख्या थराची, जो ओल्या डांबरासारखा दिसतो. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठून तो तयार होतो. पुलांवर आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर तो सकाळी उशिरापर्यंत असतो. म्हणून मोटरहोम सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर हलवू नये, असं मी ठामपणे सांगेन. त्यासाठी एक मुक्काम वाढला तरी चालेल. झोपायला गाडी आहेच की.

चाकाकडून ठकठक आवाज आला तर जागा मिळताच थांबा. तुटलेली कडी ब्रेकची नळी तोडू शकते. रात्री उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून चिकटू शकतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा.

मागे कधी फिरायचं

मनालीच्या पुढचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला आणि हिवाळ्यातही पलीकडच्या लाहौलमध्ये जाता येऊ लागलं. बोगदा ९.०२ किलोमीटर लांब, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर. आतला रस्ता कोरडा, दोन्ही तोंडांशी बर्फ. आत थांबायची सोय नाही. म्हणजे साखळी तोंडाशी काढायची आणि पलीकडे पुन्हा लावायची, नाहीतर नऊ किलोमीटर कोरड्या रस्त्यावर ती झिजवायची. दोन्हीकडे साखळी लागेल असा दिवस असेल तर मोटरहोम मनालीतच ठेवा आणि पलीकडचं सिस्सू गाव बघायला स्थानिक फोर बाय फोर घ्या. मनालीवाले ड्रायव्हर रोज त्या रस्त्यावर असतात, आपण वर्षातून एकदा. साखळी लावूनही चाकं फिरतायत, वायपरवर बर्फ साचतोय, समोरून येणाऱ्या गाड्या थांबल्यात, यातलं एकही दिसलं की गाडी वळवायला जागा असेपर्यंत वळवा. सात मीटरच्या गाडीला ती जागा घाटात दर वळणावर मिळत नाही.

काढणं आणि सांभाळणं

डांबर सलग दिसायला लागलं की सपाट जागी थांबून साखळी काढा. बर्फाचे अधूनमधून ठिगळ असतील तोवर राहू द्या आणि वेग २०च्या आसपास ठेवा. काढायचा क्रम उलटा : रबर, लॉक, बाहेरचा आकडा, आतला आकडा. साखळी जमिनीवर पडली की गाडी तिच्यावरून पुढे घ्या, ओढत बसू नका. जोड टायरांच्या फटीत अडकलेला दगड किंवा बर्फाचा गोळा त्याच वेळी काढून टाका.

मुक्कामी पोचल्यावर साखळी कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, तेलाचा हात फिरवा आणि मगच पिशवीत घाला. ओली बांधून ठेवली तर सोलापूरला येईपर्यंत तांबूस झालेली असते. पुढच्या मोसमाआधी आडव्या तुकड्यांच्या कड्या तपासा. जाडी निम्म्यावर आलेली दिसली तर तो तुकडाच बदला. तुटलेली कडी वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेऊ नका. या साखळ्यांचं पोलाद कठीण केलेलं असतं, तापवलं की त्याचा तो गुण जातो आणि पुन्हा तिथेच तुटते. जादा जोडकड्या घेतल्यात त्या यासाठीच.